आडनाव सांगायचं का? विरोधातल्या चळवळीवर संशोधन करणाऱ्या एका मुलीला उत्तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची दिसतेस. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी तुझं म्हणणं थोडक्यात सांगते. तू परभणीची, पीएचडीचं रजिस्ट्रेशन नुकतंच झालंय, विषय घेतलाय आंतरधर्मीय लग्नांच्या विरोधात मोर्चे काढणाऱ्या, "आपल्या मुली वाचवा" म्हणणाऱ्या संघटनांमधल्या बायकांचा. तुझी आई बौद्ध, वडील मराठा. गाईड सर म्हणतात न्यूट्रल राहा. स्त्रीवादी पद्धतीवर जे काही वाचलंस ते म्हणतं समोरच्या बाईशी विश्वासाचं नातं जोड, तिला बरोबरीची मान, तिचा आवाज पुढे आण. आणि तू विचारायलीस की जी बाई माझ्या आईवडिलांसारख्या लग्नाला कीड म्हणते तिच्याशी मी नातं कसं जोडू, आडनाव सांगू का लपवू, आणि तिचा आवाज पुढे आणला तर मी तिचाच प्रचार नाही का करत.

मला वाटतं अडचण विश्वासाची नाहीच. विश्वास बसेल, तुला वाटतंय त्यापेक्षा लवकर बसेल, आणि त्याच्यानंतरच खरी पंचाईत सुरू होते. प्रश्न असा आहे की या कामात तू कोणाचं काय देणं लागतेस. मुलाखत देणाऱ्या बाईचं काय, ज्यांच्या विरोधात ती बोलते त्यांचं काय, आणि तुला तिच्या दारापर्यंत नेणाऱ्या माणसाचं काय. हे तीन हिशेब वेगळे आहेत. आपण वाचतो त्या पद्धतीच्या लिखाणात ते बहुतेकदा एकाच खात्यावर मांडलेले असतात, आणि त्याला कारण आहे.

अॅन ओकली या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ, त्यांचा १९८१ चा एक गाजलेला निबंध आहे, बायकांच्या मुलाखती घेण्याबद्दल. त्या पहिल्यांदा आई होणाऱ्या बायकांशी बोलत होत्या, एकेकीकडे परत परत जात होत्या, आणि त्या बायका उलट यांनाच विचारायच्या की हे असं का होतं, ते दुखतं का. तेव्हाच्या नियमाप्रमाणे संशोधकाने उत्तर द्यायचं नसतं, कोरं राहायचं असतं. ओकली म्हणाल्या हे ढोंग आहे, मी उत्तर देणार. बरोबरच होतं ते. पण समोर कोण होतं बघ ना, दवाखान्यात जिचं कोणी ऐकत नाही अशी बाळंतीण. तिच्यापुढे संशोधक वरचढ, म्हणून संशोधकाने खाली उतरायचं. आपल्याकडेही ही पद्धत ऊसतोडीच्या बायका, परित्यक्ता, देवदासी यांच्यासोबत काम करताना रुजली, तिथे ती चोख बसते. तुझ्या कामात समोरची बाई काही बाबतीत तुझ्यापेक्षा खाली आहे, तिचं शिक्षण सातवी, नवरा पितो, आणि काही बाबतीत लई वर आहे, तिने एक फोन केला तर चौकात पन्नास पोरं उभी राहतात. तू घरातून निघताना वरचढ असतेस आणि तिच्या ओट्यावर बसलीस की नसतेस, हे एकाच मुलाखतीत तीनदा बदलतं. मग "खाली उतर" हा सल्ला तुला कसा पुरणार.

म्हणून मी माझ्यापुरतं असं ठरवलंय, गेली वीसेक वर्षं. मुलाखत देणाऱ्या बाईला मी अचूकपणा देणं लागते, ती जे म्हणाली तेच, ज्या अर्थाने म्हणाली त्याच अर्थाने. सहमती देणं लागत नाही, मैत्रीही नाही. ज्यांच्या विरोधात ती बोलते त्यांना मी सुरक्षितता देणं लागते, माझ्या लिखाणातून, माझ्या फोनमधून, माझ्या येण्याजाण्यातून त्यांचा पत्ता कोणाला लागता कामा नये. आणि मधल्या माणसाला मी खरं सांगणं लागते, आधीच, पूर्ण. हे तिसरं मी फार महागात शिकले, ते खाली सांगतेच.

आता यातलं बरंचसं परिस्थितीवर आहे हे कबूल करते. तू ज्या शहरात काम करणार तिथेच तुझं घर आहे का, निवडणूक तोंडावर आहे का (असेल तर जाऊच नको, सगळे भाषणाच्या भाषेत बोलतात), त्या संघटनेच्या लोकांवर चालू केस आहे का, तुझं लग्न झालंय का, तुला गाडी चालवता येते का. हसू नको, शेवटचं फार महत्त्वाचं आहे. एखादीला जमलं ते दुसरीला जमेलच असं नाही. माझं आडनाव असं आहे की ते चार जातींत सापडतं, त्यामुळे मला जी सूट मिळाली ती तुला मिळणार नाही, आणि मी जे सांगते त्यातलं काही माझ्या त्या नशिबावर उभं आहे हे लक्षात ठेवून वाच.

तर आडनाव.

आपल्याकडे चौकशीचा क्रम ठरलेला आहे. गाव कोणतं. मग आडनाव काय. आडनावावरून कळलं नाही तर मामाचं गाव, तिथले अमुक तुमचे कोण. त्यावरही नाही कळलं तर सरळ, "म्हणजे तुम्ही कोणाच्यातल्या?" पाणी येईपर्यंत हे सगळं झालेलं असतं. पुण्या-मुंबईहून आलेल्या संशोधकाला थोडी सवलत असते, मराठवाड्यातल्या मुलीला नाही, कारण सोयरिकीचं जाळं एवढं दाट आहे की कोणीतरी कोणाचा तरी साडू निघतोच. त्यामुळे लपवणं हे नैतिक-अनैतिक नंतर बघू, आधी ते टिकतच नाही.

मी लपवलं नव्हतं, पण मी त्यांना चुकीचा समज करून घेऊ दिला, आणि ते जवळपास तेच असतं. सुरुवातीची गोष्ट आहे, एका तालुक्याच्या गावी एका संघटनेच्या महिला शाखेवर काम करत होते. ओळख करून दिली तिथल्या एका अंगणवाडी सेविकेने. तिला मी म्हटलं बायकांच्या मंडळांवर अभ्यास आहे, एवढंच. तिने तेवढंच पुढे सांगितलं. मी टिकली-मंगळसूत्र घालून जायची, त्या मला त्यांच्यातलीच समजल्या, मी दुरुस्त केलं नाही, मनात म्हटलं कामाला सोपं जातंय. आठ-दहा महिन्यांनी माझा एक लेख छापून आला, कोणीतरी तो तिथे पोचवला. मला काय झालं? काही नाही. दोन शिव्यांचे फोन. मी इकडे शहरात. पण त्या सेविकेला गावात राहायचं होतं. तिच्या अंगणवाडीत पोरं पाठवणं बंद झालं काही दिवस, बदलीसाठी अर्ज गेले, ती मला एवढंच म्हणाली, "मॅडम, मला सांगितलं असतं तर मी तरी विचार करून नेलं असतं." त्या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

तेव्हापासून मी चार वाक्यं पाठ करून ठेवलीत आणि माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांनाही करायला लावते. मी विद्यापीठातून आले. राजकारणात काम करणाऱ्या बायकांवर माझं संशोधन आहे. तुमच्या सगळ्या मतांशी मी सहमत नाही. पण तुम्ही जे सांगाल ते मोडतोड न करता लिहीन. तिसरं वाक्य म्हणताना जीभ अडखळते, पहिल्या दोन-चार वेळी तर घशात आवंढा येतो, पण ते म्हणायचंच. माझा अनुभव असा की दहापैकी आठ बायका त्यावर हसतात आणि म्हणतात, "असू द्या, ऐकून तर घ्या, मग बघू सहमत होता का नाही." त्यांना तुला पटवायचं असतं, आणि पटवण्यासाठी माणूस जितकं मोकळं बोलतो तितकं तो आपल्या माणसासमोर बोलत नाही. आपल्यातल्याला कोण कशाला समजावून सांगतं? उरलेल्या दोघी दार लावतात. लावू द्या.

आडनाव विचारलं तर सांग. आईवडिलांच्या लग्नाची गोष्ट स्वतःहून सांगायची गरज नाही, ती तुझी आहे, मुलाखतीचं तिकीट नाही. पण थेट विचारलं, "आई कोणाच्यातली?", तर खोटं बोलू नको. एकतर खरं सांग, नाहीतर "ते राहू द्या, आज तुमच्याबद्दल बोलू" म्हणून विषय परत फिरव, आणि तेव्हा तिचा चेहरा कसा झाला ते रात्री लिहून ठेव. तो प्रसंग तुझ्या प्रबंधात येणार आहे. स्टेजवर धर्म चालू असतो आणि ओट्यावर जात, हे तुला तुझ्या आडनावामुळे दिसेल, माझ्यासारखीला कदाचित दिसणार नाही. डोना हॅरावे या अमेरिकन स्त्रीवादी अभ्यासक, त्यांनी १९८८ मध्ये जे मांडलं की कुठेच उभं न राहता बघताच येत नाही, प्रत्येक नजर कुठेतरी उभी असते, ते वर्गात शिकवताना फार अवघड वाटतं. गावात "तुम्ही कोणाच्यातल्या" हा प्रश्न आला की एका मिनिटात समजतं.

आता विश्वासाकडे येते, कारण तुला भीती वाटतेय ती वैराची, आणि मला तुझ्यासाठी भीती वाटते ती पाहुणचाराची.

केथलीन ब्ली म्हणून अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९२० च्या दशकात कू क्लक्स क्लॅनमध्ये, म्हणजे तिथल्या गोऱ्यांच्या वंशद्वेषी संघटनेत, असलेल्या बायका म्हातारपणी गाठल्या. त्यांना वाटलं होतं कडवट, चिडक्या बायका भेटतील. भेटल्या गोड आज्या. जुन्या आठवणी मजेत सांगणाऱ्या, क्लॅन म्हणजे आमचं मंडळ होतं म्हणणाऱ्या. इतकं सहज जमलं की ब्ली बाईंनाच त्याचा त्रास झाला. पुढे १९९० च्या दशकात त्यांनी तेव्हा चालू असलेल्या वंशद्वेषी संघटनांमधल्या ३४ बायकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांनी आधीच सांगून टाकलं की मी तुमच्या विरोधातली आहे, खोटी जवळीक दाखवणार नाही. आणि त्यातून त्यांना कळलं की बऱ्याच बायका द्वेष मनात घेऊन संघटनेत आलेल्या नव्हत्या, कोणाच्या तरी ओळखीने आल्या आणि द्वेष आत आल्यावर शिकल्या. जवळीक करत बसल्या असत्या तर हे कळलं असतं का, मला शंका आहे.

माझ्याकडे याला जोड द्यायला एक दशमीची, म्हणजे प्रवासाला बांधून देतात त्या भाकरीची, गोष्ट आहे. १९७८ च्या २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि त्यानंतर दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले ते तुला परभणीत कोणी ना कोणी सांगितलं असेल. मी त्या वेळच्या सवर्ण घरांतल्या बायकांशी बोलत फिरत होते, पंचवीसेक वर्षांनी. "तुमच्या घरातलं कोणी गेलं होतं का?" या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर, आमच्यातले नव्हते, बाहेरगावचे होते. दहा गावं, दहाही गावांत बाहेरगावचे. मग एका म्हातारीकडे बसले होते, तिने गरम भाकरी, ठेचा, शेंगाची चटणी वाढलेली, मी खात होते आणि असंच विचारलं, त्या दिवसांत सैपाकाचं काय केलं हो, गडबडीत? ती म्हणाली, "गडबड कुठली, रातीच दशम्या करून बांधून दिल्या की, सकाळपस्तोर परत येतेत का न्हाई कोणाला ठावं." आणि मला अजून एक भाकरी वाढली.

ती भाकरी मी खाल्ली. त्यावर मी आजही भांडते स्वतःशी.

पण त्यातून दोन गोष्टी शिकले. एक, "तुम्ही द्वेष का करता" असा प्रश्न विचारून काहीही मिळत नाही, भाषण मिळतं. सैपाक कोणी केला, पोरं कोणाकडे ठेवली, टेम्पोचे पैसे कोणी दिले, साड्या एकसारख्या होत्या त्या कुठून आल्या, मोर्चात पुढे कोण, मागे कोण, माईक कोणाच्या हातात, बॅनरवर बायकांचे फोटो आहेत का, असतील तर कितव्या ओळीत. स्त्रीवादी पद्धतीचा मोठा ऐवज मला इथे वाटतो. घरकामाला राजकारण समजून त्याबद्दल विचारलं की चळवळीचं अख्खं चाक दिसतं, ते पुरुष पुढाऱ्यांच्या मुलाखतीत कधी दिसत नाही. तुझ्या विषयात विचार की बाई पहिल्यांदा कोणाबरोबर आली. भजनी मंडळ, हळदीकुंकू, बचतगट, यातूनच आलेली असणार बहुतेक. आणि तिला यातून काय मिळालं. एकीने मला सांगितलं होतं, "मिटिंगला जाते म्हटलं की सासू विचारत नाही कामून चालली." दुसरीची नवऱ्याविरुद्धची तक्रार पोलीस घेत नव्हते, संघटनेची ताई सोबत गेली तर घेतली. हे लिहिलंच पाहिजे, आपल्या बाजूला अडचणीचं असलं तरी. त्या बायकांना मेंढरं समजणं ही आपल्यातल्या शिकलेल्यांची फार जुनी खोड आहे.

आणि काय बोललं जात नाही तेही ऐक. तुझ्याच जिल्ह्याचा आकडा आहे, एनएफएचएस-५, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, परभणीत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे ४८ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. मुलींच्या रक्षणाच्या सभेत या ४८ टक्क्यांबद्दल कोणी बोलतं का ते बघ. बोललं तर नोंदव, नाही बोललं तर तेही, सभेची तारीख टाकून. मत द्यायची गरजच पडत नाही.

दुसरी गोष्ट शिकले ती नोंदीची. मुलाखत झाली की परतीच्या एसटीत किंवा मराठवाडा एक्सप्रेसमध्ये जागा मिळाली की मी आधी ते लिहिते ज्याने मला बरं वाटलं. काय खाल्लं, कोण प्रेमाने बोललं, कुठे मी मान हलवली. मग मुद्द्याच्या नोंदी. कारण मान हलवलेली विसरते आपण, आणि लिहिताना एकतर त्या बाईवर उगं कडक होतो नाहीतर उगं मऊ. येळवशीला, म्हणजे शेतात पूजा करून जेवायच्या वेळ अमावास्येला, एका कार्यकर्त्याच्या शेतात गेले होते लातूरकडे, भज्जी आंबील खाऊन झाडाखाली पडलेले सगळे, इतकी चांगली माणसं, आणि त्याच दुपारी तिथेच एका पळून गेलेल्या मुलीला कसं परत आणलं याची गोष्ट हसत हसत सांगितली गेली. दोन्ही त्याच वहीत, त्याच पानावर आहे. एक काढलं की दुसरं खोटं होतं.

एक व्यवहाराची सूचना इथेच. शाल-श्रीफळ घेऊ नको आणि सेल्फी देऊ नको. मी एकदा सत्कार नाकारता आला नाही म्हणून घेतला, संध्याकाळी त्यांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसला माझा फोटो, खाली "विद्यापीठाच्या मॅडमचा पाठिंबा". ज्या कुटुंबाशी मी त्याच आठवड्यात दुसऱ्या बाजूने बोलत होते त्यांनी तो बघितला. त्यांनी परत फोन उचलला नाही, आणि बरोबर केलं.

यावरून त्या कुटुंबांचा मुद्दा. तुझ्या आराखड्यात तू म्हणतेस की "संतुलनासाठी" आंतरधर्मीय लग्न केलेल्या पाच-सहा जोडप्यांच्याही मुलाखती घेणार. माझं ऐकशील तर हे उलटं कर. आधी तिकडून सुरू कर. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी मांडली, तिचा मला समजलेला गाभा असा की ज्याच्या पाठीवर व्यवस्थेचा भार आहे तिथून बघितलं तर व्यवस्था जास्त नीट दिसते. जोडप्यांना विचार की या चळवळीचा तुमच्या रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो, घरमालक, शाळा, नोकरी, सणवार. त्यातून तुला प्रश्न मिळतील जे संघटनेच्या बाईला विचारायचेत. विशेष विवाह कायद्यात, १९५४ चा आहे तो, नोटीस द्यावी लागते, ती विवाह अधिकाऱ्याच्या ऑफिसात लागते आणि तीस दिवस हरकतीसाठी असतात. त्या तीस दिवसांत काय होतं हे जोडप्याकडून कळलं की मग मोर्चातल्या ताईला "तुम्हाला लग्नाची बातमी कशी कळते" हा साधा प्रश्न विचार आणि गप्प बस.

पण दोन्ही बाजूंसाठी वेगळ्या वह्या, वेगळा फोन जमला तर वेगळा फोन, निदान वेगळं सिम. एका बाजूची मुलाखत आणि दुसऱ्या बाजूची मुलाखत एकाच दिवशी, एकाच गावात नको. जोडप्याचं नाव बदललं म्हणजे झालं असं नाही. "जिंतूर रोडला राहणारी, शिवणकाम करणारी, आधी सरपंच असलेली" एवढं लिहिलंस की जिल्ह्याला कळतं कोण ते. मी तालुका काढते, लग्नाचं वर्ष काढते, व्यवसाय जवळचा दुसरा टाकते आणि प्रबंधात एकदाच सांगते की असे बदल केलेत. धर्म-जात मात्र बदलता येत नाही, तोच तर विषय आहे, म्हणून बाकीचं सगळं धूसर करावं लागतं. उलट संघटनेचा जो पदाधिकारी जाहीर सभेत बोलला त्याचं भाषण नाव-तारखेनिशी देता येतं, ते जाहीरच आहे. त्याच्या बायकोने ओट्यावर सांगितलेलं नाही देता येत.

कायद्याचं थोडं, कारण हे कोणी सांगत नाही. आपल्याकडे संशोधकाला पत्रकारासारखं का होईना, कुठलंही कवच आहे या भ्रमात राहू नको (पत्रकारालाही फारसं नाही). पोलीस किंवा कोर्ट तुझ्या वह्या, रेकॉर्डिंग मागू शकतात, आधी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम ९१ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४. म्हणून जे लिहायची गरज नाही ते लिहू नको, नावांची किल्ली वेगळ्या जागी, रेकॉर्डिंग उतरवून झालं की काढून टाक. आणि पोक्सो, मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा. मुलगी अठराच्या आतली असेल आणि तुला लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली तर कलम १९ प्रमाणे कळवणं कोणावरही बंधनकारक आहे, तुझ्यावरही. पळून गेलेल्या मुलींच्या गोष्टीत वय सतरा असणं हे नेहमीचं. त्यामुळे संमतीपत्र वाचून दाखवतानाच सांगायचं की असं काही कळलं तर मी गुप्त ठेवू शकणार नाही. हे आधी न सांगता नंतर कळवलंस तर तो दगा झाला. तुमच्या विभागात एथिक्स कमिटी असेल तर तिच्याकडून हे लेखी घे, नसेल तर गाईडच्या सहीने तरी.

संमतीवरून आठवलं, मुलाखत दाखवायची का परत? मी बोललेलं दाखवते, विश्लेषण नाही. "तुम्ही हे असं म्हणालात, बरोबर आहे का?" एवढं विचारते. त्यावर मी काय म्हणते ते तिच्याकडून मंजूर करून घेत नाही. आई झालेल्या बायकांच्या अभ्यासात कदाचित घेतलं असतं.

प्रचाराच्या भीतीचं सांगते, तिथे माझं मत मध्येच कुठेतरी आहे आणि दरवेळी हलतं. शिवी, घोषणा, व्हॉट्सअॅपवरचे फॉरवर्ड मी जसेच्या तसे ओळीने छापत नाही, त्याने वाचणाऱ्याला नवं काही कळत नाही आणि ज्याच्यावर ते बोललंय त्याला परत एकदा ऐकावं लागतं. पण सगळंच सभ्य करून लिहिलं तर तेही चूक, मग ती चळवळ तुझ्या भाषेत आपोआप शहाणी होते. मी एक नमुना पूर्ण देते, कोण बोललं, कुठे, कोण हसलं, आणि बाकीचं वर्णनात. दशम्यांचं वाक्य मी पूर्ण देते नेहमी, त्यात एकही शिवी नाही.

आणि सुरुवात माणसांपासून करू नको बाई. पहिले सहा महिने कागद. २०२२ च्या नोव्हेंबरपासून राज्यभर जे मोर्चे निघाले, सुरुवातीचा एक तुझ्या परभणीतच होता, त्यांची पत्रकं, परवानगीचे अर्ज, भाषणांचे व्हिडिओ, स्थानिक पेपरांच्या जिल्हा आवृत्त्या, डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने आंतरधर्मीय विवाहांसाठी जी समन्वय समिती नेमली तिचा जीआर, हे सगळं कोणाचा विश्वास न जिंकता मिळतं. जुन्यात जायचं असेल, नामांतराच्या काळापर्यंत, तर एक लक्षात ठेव, मी यात दोन महिने घालवलेत. १९७८ ला मराठवाड्यात पाचच जिल्हे होते. जालना १९८१ ला झाला, लातूर १९८२ ला, हिंगोली १९९९ ला. त्यामुळे हिंगोलीच्या गावाचे कागद परभणीत शोध, लातूरचे उस्मानाबादच्या नावाने, म्हणजे आताच्या धाराशिवच्या.

सरांच्या "न्यूट्रल राहा" वर भांडण काढू नको, आरआरसीत, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीपुढे, तर अजिबात नको. त्यांना बहुधा म्हणायचं असतं की निष्कर्ष आधी ठरवून जाऊ नको, आणि ते खरंच आहे. त्यांना सांग की मी कुठे उभी आहे ते पहिल्या प्रकरणात दोन पानं लिहीन, म्हणजे वाचणाऱ्याला माझी नजर तपासता येईल, आणि माझ्या अंदाजाविरुद्ध गेलेल्या मुलाखती वेगळ्या काढून दाखवीन. दोन पानं म्हणजे दोनच. काही प्रबंधांत वीस पानं स्वतःवरच असतात, ती नको.

रात्री मुक्काम नाही, शेवटची एसटी किती वाजता ते आधी बघायचं, घरी एकाला तरी कोणाकडे गेलीस ते माहीत पाहिजे, आणि निघायचं वाक्य तयार पाहिजे. माझं असायचं, "पाच वाजता सरांना रिपोर्ट द्यायचाय." कोणते सर, कोणता रिपोर्ट, कोणी विचारत नाही.

राहिलं एक, आणि हे तू विचारलेलंच नाहीस. तू आडनाव सांगशील तेव्हा ते तुझ्या एकटीचं नाही, घर परभणीत आहे, आईवडील तिथेच राहतात, बाजारात तिथेच जातात. मी त्या अंगणवाडी सेविकेला विचारलं नव्हतं. तू पहिल्या मुलाखतीच्या आधी आईला विचार, नीट बसून, काय काय होऊ शकतं ते सगळं सांगून. वडिलांना नंतर, पण आईला आधी, कारण प्रश्न तिच्याबद्दलच येणार आहे. ती हो म्हणाली तरी पहिल्या दहा मुलाखती परभणी सोडून कर, नांदेडकडे किंवा जालन्याकडे. नाही म्हणाली तर विषय टाकू नको, जिल्हा बदल, आणि मला कळव, धाराशिवकडे माझ्या ओळखी आहेत, त्यांना मी आधीच सगळं सांगून ठेवीन.